भडगावच्या मदरशातलं जुनं पान

गेल्या वर्षी भडगावजवळच्या एका निवासी मदरशाला मी गुणवत्तेचा तक्ता करून दिला होता. पाइप कारखान्यात तपासणी करणाऱ्या माणसाला सगळीकडे तक्ताच सुचतो. यंदा तिथल्या हाफिजसाहेबांचा, म्हणजे कुराण पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांचा, फोन आला: मुलं मागे पडलीत, येऊन बघा.

जळगावहून पाचोऱ्यामार्गे एसटी धरा, रस्ता बरा आहे. निघण्याआधी स्टँडजवळ शेवभाजी खाऊन घ्यावी. भडगावला एका आबांना पत्ता विचारला. "पूल सरना की डावा हातले शे," एवढंच म्हणाले; म्हणजे पूल संपला की डावीकडे.

मदरसा चकचकीत होता. माझ्याच सूचनेवरून जुन्या फाटक्या प्रती काढून सगळ्यांना एकसारखी नवी कुराणं दिली होती. तेरा वर्षांचा अयान मात्र दर दोन ओळींनी अडखळत होता. लागोपाठ दोन चाचण्यांत जो नापास होईल त्याची जागा दुसऱ्याला, हा नियमही माझाच. एकीत तो नापास झाला होता. दुसरी उद्या होती, आणि नापास झालाच तर त्याला न्यायला वडील भुसावळहून येणार होते.

अडतं कुठे, असं मी त्याला विचारलं.

"डोळे मिटले की जुनं पान दिसतं," तो म्हणाला. "ही आयत तिथं डावीकडे खाली होती. नव्यात ती पुढच्या पानावर गेलीय." आयत म्हणजे कुराणातलं वचन.

एकाच छापाची प्रत शेवटपर्यंत ठेवायची, हे हाफिजसाहेबांना ठाऊक होतं. पण शहरातल्या साहेबांनी, म्हणजे मी, सुचवलं, म्हणून ते गप्प बसले होते. जुन्या प्रती रीतीप्रमाणे अदबीने पुरायच्या म्हणून कापडात बांधून कपाटात ठेवलेल्या होत्या. त्यातून अयानची निघाली. अडखळलेल्या प्रत्येक जागी पेन्सिलीची खूण. ती घेऊन तो कोपऱ्यात बसला. मी सगळ्यांसोबत डाळ-भात जेवलो, पण मला शरम वाटत होती.

सकाळी वडील पिशवी घेऊन दारापाशी उभे होते. अयानने अख्खा पाठ म्हटला, दोनदाच थांबला. वडिलांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

निघताना मी तक्त्यावरचा तो नियम खोडून टाकला. हाफिजसाहेब हळूच म्हणाले, "दोघं याच नियमानं आधीच घरी गेलेत, भाऊ."

आता माझ्या घरी वरच्या फळीवर त्या दोघांच्या, कापडात बांधलेल्या जुन्या प्रती आहेत. पत्ते धरणगाव आणि धुळ्याचे. शनिवारी निघतोय. चूक त्यांच्या मुलांची नव्हती, हे त्या दोन वडिलांना मीच सांगायला हवं.