नवरीमागची जागा

जुन्नरच्या स्टँडजवळ माझं भांड्यांचं दुकान. सायकलला पातेली बांधून गावोगाव विकली, त्यातून उभं केलेलं. नव्वद सालानंतर काही वर्षं या दुकानाच्या ओट्यावर एक माणूस झोपायचा. कॉलेजच्या पोरांच्या मेसमध्ये तो स्वयंपाकी होता. मेस बंद पडली, तिथली खोलीही गेली. पिंपळवंडीला चुलत भावांनी घरात घेतलं नाही. दारूच्या दिवसांत त्यानं जे केलं, ते त्यांच्या लक्षात होतं. पुढं दारू सुटली, पण दार उघडलं नाही.

येडगावला त्याची बहीण दिलेली. तिच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, तसा तो हॉटेलात कांदे चिरायला जाऊ लागला आणि दोन महिन्यांनी पिवळी साडी घेऊन आला. लग्न लागताना नवरी मामाची साडी नेसते आणि मामा तिच्यामागं उभा राहतो. त्याला छप्पर नव्हतं, म्हणून साडी माझ्या कपाटात राहिली.

मीही मामा आहे. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका मला शटरखाली सरकवलेली सापडली. वाटणीवरून भांडण झालं होतं, तेवढ्यावर तिच्यामागं माझ्या धाकट्या भावाला उभं केलं. ते अजून खुपतं. म्हणून मी या माणसाला म्हणालो, तुझ्या वतीनं मी बोलतो. त्याचं म्हणणं होतं, मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकल्या तरी भागंल. मी त्याला गप्प केलं.

त्याला ओट्यावरच ठेवून मी येडगावला गेलो. त्याच्या दाजींनी चहा दिला, मग सरळ सांगितलं. मामानं यावं, जेवावं, पण नवरीमागं चुलत मामा उभा राहील. नवऱ्याकडचे लोक विचारतात, मामा कुठं असतो, काय करतो.

मी तापलो. "पावणं, मग साडीबी चुलत मामाकडूनच घ्या," म्हणालो आणि उठलो. भाव पटला नाही की मी सायकल पुढं ढकलायचो, चार पावलांत मागून हाक यायची. आयुष्यभर मी असाच सौदा करत आलो. चपला सावकाश घातल्या. हाक आली नाही. बहीण चुलीपाशी खाली मान घालून बसली होती.

परत आल्यावर मी त्याला बजावलं, ते बोलवायला येतील, तोवर जायचं नाही.

लग्नाच्या दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून तो ओट्यावर बसला. येडगावची सकाळची एसटी गेली. तिच्यामागची गेली. मग तो म्हणाला, "भाऊ, साडी तेवढी पोचवा. पोरगी काय नेसंल?"

मी म्हणालो, चल, बस गाडीवर मागं.

"बोलावल्याबिगर जायचं न्हाई, तुमीच म्हणाला व्हता."

मी एकटाच गेलो. मांडवाच्या दारात बहीण उभी होती. साडी घेऊन तिनं माझ्यामागं रस्त्याकडं पाहिलं.

"दादा कुठंय? तुमी गेल्यावर मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले न्हाई. तवा कबूल झाले, म्हणले, त्योच हुभा राहील. सकाळधरनं फेटेवाला बसवून ठिवलाय."

सांगावा का नाही धाडला, मी विचारलं.

"सख्ख्या मामाला काय आवतण द्यायचं, भाऊ? त्याचंच घर."

मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. जुन्नर गाठून परत यायला दीड तास लागला असता. चुलत मामाला फेटा बांधला.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "नेसली का?" मी म्हणालो, नेसली, लई शोभली. मागं कोण उभं होतं, तेही सांगितलं. त्यानं मान डोलावली. फेटेवाला त्याच्यासाठी बसवून ठेवला होता, ते मी बोललो नाही.

पंधरा दिवसांनी बहीण त्याच्यासाठी डबा घेऊन स्टँडवर आली. दोघं बराच वेळ बोलत बसली. त्या दिवसापासून तो माझ्या ओट्यावर झोपायला आला नाही. समोर स्टँडच्या बाकावर अंथरायचा. सकाळी मी शटर उघडताना नजरानजर झाली की तेवढा रामराम घालायचा.