डोळ्यांच्या आखणीचा रेडिओ

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. आमचा म्हणजे दादाचा. वडिलांच्या मागे त्यानेच तो चालवला. मी लग्नानंतर रोह्याजवळ वरसेला राहायला गेलो, आधी केबलचा आणि आता इंटरनेटचा धंदा करायला. मूर्तीच्या कामातलं मला काही येत नाही. लहानपणी मी ओल्या सोंडेला बोट लावून बघायचो आणि वडील मला बाहेर पाठवायचे, तेवढाच माझा त्या कलेशी संबंध.

कारखान्यात एक रीत वडिलांच्या आधीपासून चालत आली आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती एकटा दादाच करतो. आखणी चालू असताना कोणी बोलायचं नाही, स्प्रेची मशीन बंद ठेवायची, पण रेडिओ मात्र चालू पाहिजे. बाहेरच्या लोकांना याचं हसू येतं. पण खोली पूर्ण शांत झाली की कान प्रत्येक आवाजाची वाट बघतो. एखादं भांडं पडलं की हात दचकतो. रेडिओवर कोणीतरी एका सुरात बोलत राहिलं, खतांबद्दल का असेना, की कानाला काम मिळतं आणि हात मोकळा होतो. तो रेडिओ जुना, सेलवर चालणारा, फक्त मिडियम वेव्हचा. एफएम त्याच्यावर नव्हतंच. कोनाड्यात एका ठरावीक तिरक्या बाजूला ठेवला की मुंबईचं स्टेशन स्वच्छ लागायचं, म्हणून तो तिथून कोणी हलवत नसे.

या उन्हाळ्यात मी कारखान्याला इंटरनेट दिलं. दादाने मागितलं नव्हतं. गिऱ्हाइकांना व्हिडिओवर मूर्ती दाखवता येतील, आखाती देशांत असलेले आपले लोकही तिथूनच पसंत करतील, असं मीच त्याच्या मागे लागलो. कोनाड्याशेजारी विजेचा बोर्ड होता, तिथेच राउटर टांगला. त्याच्याबरोबर आलेला अडॅप्टर मी दुसरीकडे वापरला आणि इथे बाजारातून आणलेला स्वस्तातला लावला. तो इन्व्हर्टरवर घेतला आणि सगळ्यांना बजावलं, याला कधी बंद करू नका.

त्याच दिवसांत मी पेपरातली एक बातमी दादाला वाचून दाखवली होती. रेडिओची जुनी प्रक्षेपणं हळूहळू बंद होणार, पुढे सगळं फोनवर ऐकायचं, अशा अर्थाची. मला ती बातमी आवडली होती. माझा धंदाच तो. पुढे काही दिवसांनी दादाने रेडिओ लावला तर नुसती खरखर. काटा इकडून तिकडे फिरवला, तरी खरखरच.

"झालं बघ," मी दादाला फोनवर म्हणालो. "स्टेशन बंद झालं. मी सांगितलं नव्हतं?"

"येवढ्यात?" दादा म्हणाला. त्याचा आवाज कोणी ओळखीचं गेल्यासारखा होता. मी दुसऱ्याच दिवशी पेणला जाऊन त्याच्या फोनवर रेडिओचं अ‍ॅप घालून दिलं. तेच स्टेशन, तेच निवेदक, आवाज उलट जास्त स्वच्छ. मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे लपवत नाही.

मग आखणीचे दिवस आले. अ‍ॅप मध्येच अडकायचं, एखादं वाक्य अर्धं सोडून गप्प व्हायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. दादा कसंबसं जमवत होता. एका सकाळी तो एका मोठ्या मूर्तीच्या उजव्या डोळ्याची वरची रेघ ओढत असताना तोच फोन मोठ्याने वाजला. रेघ भुवईपर्यंत गेली. पलीकडे मी होतो. रेडिओ नीट लागतोय ना, हे विचारायला फोन केला होता.

दादाने रेघ पुसली, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि पुन्हा ओढली. ती थरथरली. दुसऱ्या मूर्तीवरही थरथरली. त्याने ब्रश धुऊन ठेवला. वहिनीने मला फोन करून सांगितलं. "भावजी, ते म्हणतात हात गेला माझा. वयाचं हाय म्हणतात. औंदा डोळे दुसऱ्या कोणाकडनं करून घ्या म्हणतात."

आमच्या कारखान्यात डोळे दुसऱ्याने केलेले मला आठवत नाहीत. वडिलांनी दादाच्या हातात ब्रश दिला तेव्हा मी दारात उभा होतो. चतुर्थी जवळ येत होती आणि रंगवलेल्या मूर्ती ओळीने, डोळ्यांशिवाय उभ्या होत्या. मला झोप लागेना. हात दादाचा गेला होता, पण तो मी घालवला असं वाटत राहिलं. आणि मला येतं काय, तर इंटरनेट. म्हणून मी ठरवलं, नवा वेगवान राउटर बसवू, अ‍ॅप अडकणार नाही, आणि एक जुना फोन सिम काढून फक्त रेडिओसाठी ठेवू.

पिशवीत राउटर घेऊन मी सकाळच्या गाडीने निघालो. कासूला रंगकामाची मावशी चढली. ती आमच्याकडे पितांबरं आणि दागिने रंगवते, आणि मला लहानपणापासून ओळखते.

"काय धाकले, परत काय आनलंव?"

"नवीन राउटर, मावशी. याने फरक पडेल."

"पडंल. फरक पाडन्यात तुमचा हात कोन धरनार?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली. पेण येईपर्यंत मी पिशवी पायाखाली सरकवत होतो.

कारखान्यात दादा एका कोपऱ्यात शाडूची माती मळत बसला होता. डोळे नसलेल्या मूर्तींकडे पाठ करून. आणि कोनाड्यातला रेडिओ चालू होता, त्याची खरखर चालू होती.

"हे कशाला लावलंय?" मी विचारलं.

"असू दे," दादा म्हणाला. "मोबाइलपेक्षा बरी. निदान एका सुरात तरी हाय."

मी पिशवी खाली ठेवली. मी स्टुलावर चढलो आणि जुन्या राउटरचा अडॅप्टर बोर्डातून उपटला.

खरखर थांबली. एक बाई बोलत होती. भाताच्या खाचरात पाणी किती ठेवावं ते सांगत होती, शांतपणे, जणू ती इतके दिवस तिथेच बोलत होती. आणि ती खरंच बोलत होती.

मावशीचा ब्रश हवेत थांबला. मी अडॅप्टर पुन्हा लावला. खरखर. काढला. बाई. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वस्त अडॅप्टर आपल्यातून एक गोंगाट बाहेर टाकतात, आणि तो बरोबर जुन्या रेडिओच्या पट्ट्यात जातो. हे मी कुठेतरी वाचलं होतं, धंद्यातल्या लोकांकडून ऐकलंही होतं. स्टेशन बंद झालंच नव्हतं. मी रेडिओच्या तोंडाशी गोंगाट टांगून ठेवला होता आणि वर बातमी वाचून दाखवली होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. क्षणभर मनात आलं, सांगावं की नव्या राउटरने दुरुस्त केलं. पिशवी समोरच होती, कोणालाही पटलं असतं. पण मग दादाने पुढचं सगळं आयुष्य आपला हात वयाने गेला होता असंच मानलं असतं. मी स्टुलावरूनच सांगितलं, "दादा, स्टेशन चालू होतं. माझ्या या डबड्याने आवाज मारला. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. फोनही माझाच वाजला होता."

दादा माती लागलेले हात तसेच धरून उभा राहिला. "म्हंजे मेलं नव्हतंच?"

"नाही."

"आनि तू जित्या मानसाचं तेरावं घालून मोकळा झालास."

मावशी आधी हसली. मग वहिनी, मग दादा, इतका की त्याला खाली बसावं लागलं. मी स्टुलावर तसाच उभा होतो. शिव्या खायच्या तयारीने बोललो होतो, हसण्याची तयारी केलेली नव्हती.

त्या दिवशी मी राउटर पार मागच्या ऑफिसच्या खोलीत नेला, नवा, चांगल्या अडॅप्टरचा, भिंतीपलीकडे. दोन्ही चालू करून रेडिओला कान लावला. स्वच्छ. आत राउटरचे दिवे लुकलुकत होते आणि बाहेर ती बाई अजून खाचरातच होती.

दादाने हात धुतले, पुसले, ब्रश घेतला. स्प्रेची मशीन बंद झाली. तो त्याच मोठ्या मूर्तीसमोर बसला, जिच्या डोळ्यावर पांढरा हात मारलेला होता. खोलीत कोणी बोलत नव्हतं. रेडिओवर आता कोणीतरी बाजारभाव सांगत होतं, कांदा, बटाटा, लसूण. रेघ एका दमात वळली, खाली आली आणि जिथे थांबायची तिथे थांबली. दादाने मागे सरून बघितलं आणि दुसऱ्या डोळ्याला लागला. मी दारात होतो, लहानपणी उभा राहायचो तिथेच.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा वहिनीने व्हिडिओवर एका गिऱ्हाइकाला तीच मूर्ती दाखवली. तो आखातातल्या कंपनीत शिफ्ट संपवून बसला होता. तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "ताई, जरा तसंच धरून ठेवा." फोन माझ्या राउटरवर चालला होता आणि मागे रेडिओ ऐकू येत होता. दोन्ही एका छपराखाली नीट नांदताना मी पहिल्यांदा बघितले.

आखणी चतुर्थीच्या आत पूर्ण झाली, सगळी दादाच्या हातची. मी मात्र पुढचे कितीतरी दिवस रोहा, वरसे, खांब अशा गावांतून फिरत होतो, मी ज्या घरांत तसले अडॅप्टर लावले होते तिथे. बदलून दिले. एका घरात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रेडिओ माळ्यावर टाकला होता. खाली काढून लावला, तर लगेच बोलायला लागला. त्यांनी मला चहा दिला आणि मी तो अपराध्यासारखा प्यालो. बातमी खोटी नव्हती. एक दिवस ते स्टेशन खरोखर बंद होईल, हे मला माहीत आहे, दादालाही. त्या दिवसासाठी सिम काढलेला फोन तयार आहे.

आता नवीन कनेक्शन द्यायला गेलो की वायर सोडण्याआधी विचारतो, घरात रेडिओ आहे का, आणि कुठे ठेवता. लोकांना वाटतं मी काहीतरी विकायला बघतोय. परवा कासूला मावशीच्या घरी जोडणी केली, तिच्या मुलाने मागितली होती. राउटर कुठे लावू, असं मी तिला विचारलं.

"तिकडं," तिने अंगणापलीकडे, गोठ्याच्या दिशेने हात केला. "म्हशीला चालंल. ती रेडिओ ऐकत नाय."