मिटलेली चौकट

आमच्या ऑनलाइन व्याख्यानमालेत त्या रविवारी पाळी आणि विटाळ हा विषय होता. ऐकायला अकरा जण. डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि सूत्रसंचालन करणारी मी पडद्यावरच्या चौकटी न्याहाळत होते. एकीत एक काकू तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्यांच्या मागून पुरुषी आवाज आला, "बंद कर ते. घरात माणसं आहेत." पाठोपाठ एक हात आला आणि लॅपटॉप मिटला.

दहा-बारा जणांसाठी कशाला घसा कोरडा करता, असं मला नेहमी विचारतात. तेव्हा क्षणभर मलाही तसंच वाटलं. एवढं सगळं विज्ञान, आणि ते थोपवायला एक हात पुरतो.

पण तो हात लॅपटॉपपर्यंतच पोचला होता. पाच मिनिटांत काकू परत आल्या. आता मिसळणाच्या डब्याला टेकवलेला फोन होता आणि मागे कुकर. प्रश्न शेवटीच घ्यायचे, हा आमचा नियम. मी तो मोडला आणि त्यांचा माइक सुरू केला.

"देवघराचं सांगत होतात, ते माझं राहिलं," काकू म्हणाल्या. "तेवढं परत सांगा. थांबा, आवाज वाढवते. बाहेरच्या खोलीत ऐकू जाऊ दे."