पूजेला बसलेली सायकल

आज सायकल शर्यतींत जिचं नाव झालंय ती वेल्सची बाई तेव्हा कोलोनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. एका जर्मन संघाकडून उतरायची आणि सपाटून हरायची. शेवटी संघाच्या साहेबानं सुनावलं, मोसमातली शेवटची शर्यत जिंकलीस तर राहा, नाहीतर चालू लाग. झालं! पोरगी पहाटेपासून अंधार पडेस्तोवर सायकल पिदडायला लागली. तोंड एवढंसं झालं होतं बिचारीचं.

शर्यत नेमकी दसऱ्याला, तीही आमच्याच गावात. आदल्या सकाळी ती सरावासाठी केलरमध्ये, म्हणजे आमच्या तळघरात, सायकल घ्यायला गेली आणि तिची किंकाळी ऐकून मी चपला न घालता धावले. पाहते तर काय, सायकलीला हळदकुंकू, हँडलला आमच्या बाल्कनीतला झेंडू, चाकांखाली रांगोळी! आणि शेजारी स्टूल टाकून पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई बसलेल्या.

"अहो आई, हे काय? उद्या शर्यत आहे तिची!"

"म्हणूनच तर! आज खंडेनवमी. जिच्यावर पोट चालतं तिची पूजा नको? आता पूजेला बसलीय, आज हलवायची नाही. उद्या खुशाल ने म्हणावं."

आली का पंचाईत! हे इंग्रजीत सांगताना माझी बोबडी वळली. पोरगी ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आज चालवायचीच नाही?"

"नाही."

ती मटकन पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. म्हणाली, "थांब म्हणून मला कुणी सांगितलंच नव्हतं गं." सासूबाईंनी तिला हाताला धरून वर आणलं, वरणभातावर तुपाची धार धरली. जेवून ती आमच्या सोफ्यावर जी झोपली, ती दिवेलागणीलाच उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शर्यतीच्या रस्त्याकडेला लावलेल्या कठड्याला रेलून उभे. शेवटच्या वळणावर घोळका आला आणि त्यातून कुंकू लागलेलं हँडल पुढे सरकलं. माझा जीव नुसता टांगणीला! "हाण पोरी, हाण!" सासूबाई इतक्या ओरडल्या की शेजारचे जर्मन आजोबाही हातवारे करत "हान, हान" करायला लागले. जिंकली! अहो, खरंच जिंकली! मी त्या आजोबांनाच मिठी मारली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात ती, खांद्यावर सायकल. आत येऊन तिनं ती थेट आमच्या देव्हाऱ्यासमोर उभी केली आणि सासूबाईंना म्हणाली, "आजी, पुढच्या दसऱ्यालाही मी इथेच आहे."

मी मराठीत सांगेपर्यंत सासूबाईंनी तिला पोटाशी धरलं होतं. मग डोळे पुसत मला म्हणाल्या, "तिला सांग, आज दमलीय ती. उद्याही सायकल मिळणार नाही."