आधारवरचा पत्ता

सुप्यात कारखान्यांच्या रस्त्याला मी खानावळ काढली, तेव्हा घरात कुणाचाच होकार नव्हता. शेवटी आमचे हे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. न्हाई चालली, तर कुलूप लावायचं आन् गावाकडं परत जायचं." मी हट्टी बाई. म्हटलं, चालेल. गाव म्हणजे कर्जत तालुक्यातलं, सुप्यापासून दोन तासांवर. शेती तिथे, घरही तिथेच, आणि घरात माझ्या मोठ्या जाऊबाई एकट्या.

माझ्या हाताला चव आहे. हे मीच सांगते, कारण पहिले दोन महिने ते सांगायला दुसरं कुणी आलंच नाही. नवी कामगार मंडळी एसटीतून उतरायची, मोबाईल काढायची, जवळची खानावळ शोधायची आणि सरळ कोपऱ्यावरच्या दुसऱ्या खानावळीत शिरायची. तिथलं वरण मी चाखलंय. वरण कसलं, पिवळं पाणी! माझा नुसता जळफळाट व्हायचा. बरं, मोबाईलवर आपलंही नाव होतं. ह्यांनीच टाकलं होतं, एक अख्खी दुपार खर्ची घालून.

एके दिवशी जाऊबाईंचा फोन आला. "अगं, चारचाकीतून पाच मानसं आल्यात. खानावळ कुठंय म्हून इचारत्यात."

"मग तुमी काय सांगितलं, आक्का?"

"सांगनार काय? बसा म्हनलं. हुलग्याचं शेंगोळं शिजत घातल्यात, आता भाकरी थापते. जेवायच्या वक्ताला दारात आलेलं मानूस परत लावू व्हय?"

वाट चुकली असेल, असं मला वाटलं. पण पुढच्या आठवड्यात आणखी एक गाडी, मग दोन मोटारसायकली. फोनवर जाऊबाईंचा आवाज दिवसेंदिवस तरणा होत चालला होता.

कोडं सोडवलं ते माझ्याकडे रोज जेवणाऱ्या एकुलत्या एका फिटरने. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. नकाशावर माझी खानावळ होती, पण आमच्या गावच्या घरावर! खाली लोकांनी कौतुकही लिहिलं होतं: शेंगोळे झकास, आजी आग्रह करून वाढतात.

"मावशी, मोबाईल आधी बघतो, मानूस कुठं उभा हाय," तो म्हणाला. "मग त्याच्या जवळचं असंल ते वर दाखवतो. सुप्यात उभं राहून शोधल्यावर कर्जतचं कशाला दाखवंल?"

मी ह्यांच्याकडे वळले. "पत्ता कंचा टाकला हुता?"

"आधारवर हाय त्योच! दुसरा टाकला की फॉर्म परत येतो."

जन्मभर तहसील कचेरीच्या खिडकीपुढे उभा राहिलेला माणूस. पत्ता विचारला की तो आधारवरचाच सांगणार! मी भांडायला म्हणून तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. डोळ्यांना पदर लावायची वेळ आली.

फिटरने पत्ता बदलून नकाशावरची खूण सुप्यात आणली. थोड्याच दिवसांत दुपारी बाकं भरायला लागली. आलेल्यांतले दोघं-तिघं तर "आजी कुठायत?" म्हणून आत डोकावायचे. दसऱ्याला ह्यांनी दाराला कुलपाऐवजी झेंडूचं तोरण बांधलं. मी इतकी खूश होते की कोपऱ्यावरच्या खानावळवाल्यालाही सोनं देऊन आले.

संध्याकाळी जाऊबाईंना फोन लावला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आनंदही केला. मग म्हणाल्या, "हिकडं पंधरा दिस झालं, कुनी येईना गं. म्या आपली रोज चार भाकरी जास्तीच्या थापून बसते."

माझा आनंद जागीच विरला. त्या घरातली माणसं मी उचलून इकडे आणली होती आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आक्का, रोज रांधायला जमंल तुमाला?"

"तू फकस्त मानसं धाड."

दुसऱ्या दिवशी फिटर जेवायला आला, तशी त्याला ताटाआधी मोबाईल काढायला लावला. आक्कांच्या नावाने नवी खानावळ! शेंगोळे लिहून झाले, चुलीवरची भाकरी लिहून झाली. मग त्याने विचारलं, "मावशी, पत्ता काय टाकू?"

मी काही बोलायच्या आत मोरीवर हात धुणारे आमचे हे मान ताठ करून ओरडले, "आधारवरचा!"