जीव कुठल्या रकान्यात?

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. शरीर, मन आणि आत्मा वेगवेगळे की एकच, या वादावर फळ्यावर तीन रकाने आखून मी तासभर सहज बोलते. गेल्या वर्षी आईला निजामपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. ती एवढंच म्हणाली, "सारखा जीव घाबरतो."

डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांनी मला विचारलं, "मतलब? दिल, या मन?"

मी अडकले. जीव माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा मीच निकाल देऊन टाकला, "मन का है."

आई भडकली. "कागदावर न्हाय आला म्हनून मला जीवच न्हाय का?"

"मग नेमकं कुठे होतंय ते सांग ना!" मीही चिडले.

आम्ही रिक्षाने आमच्या गावी, अंजूरला परत निघालो. आमच्या भातशेताच्या जागी आता गोदाम आहे. शेत विकायचा हट्ट माझाच होता. गोदामाच्या फाटकासमोरून जाताना आईने माझा दंड धरला आणि रिक्षाबाहेर बोट दाखवलं.

"हितं होतंय," ती म्हणाली.