ऐकलेली गळती

रस्त्यातली लोखंडी झाकणं उचलून गल्ल्यागल्ल्यांना पाणी सोडणाऱ्या त्या माणसाला सगळे चावीकाका म्हणत. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची कमरेइतकी उंच चावी आणि दुसऱ्या हातात एक बारीक सळई. चावीचं काम कुणालाही जमलं असतं, सळईचं नाही. तिचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते त्यांना तसं ऐकू येई. धार मोठी असली तर घरघर, बारीक असली तर कुणीतरी दातांच्या फटीतून श्वास सोडावा तसं सूंऽऽ.

"काका, जमिनीखालचं सगळं ऐकू येतं, मग काकूंची हाक कशी येत नाही?" मुकादम चिडवायचा.

"ती गळत नाही बाबा, ती थेट फुटते," काका म्हणायचे.

काकांना मूलबाळ नव्हतं. धाकट्या बहिणीचा नवरा अकाली गेला तेव्हापासून ती आणि तिची लेक त्यांच्याच घरात राहिल्या. पोरगी खिडकीच्या गजांवर, कपाटावर, मामाच्या खांद्यावर, कुठेही सरसर चढायची, म्हणून मामानं तिचं नाव खारू ठेवलं. खारूचं लग्न झालं, नवरा छापखान्यात कामाला. दोघं खोली शोधत हिंडली तेव्हा काकांनी उताराच्या गल्लीतली खोली पसंत केली. खारूच्या नवऱ्यानं विचारलं, इथं पाण्याचं कसं काय, तर काका छाती फुगवून बोलले, "ते तुम्ही मला विचारताय?"

त्याच गल्लीच्या तोंडाशी, शिंप्याच्या दुकानासमोर, एका सकाळी काकांच्या कानाला सूं लागलं. बारीकच होतं, पण सांध्यावर होतं, आणि त्या सांध्याच्या हातभर अंतरावरून सांडपाण्याची जुनी वाहिनी जाते हे त्यांना पाठ होतं. गल्लीला पाणी दीड तास. नळात जोर असतो तोवर चांगलं पाणी बाहेर जातं. चावी बंद झाली, नळ रिकामा व्हायला लागला की तो शोषतो, आणि जिथून बाहेर गेलं तिथूनच भोवतालचं सगळं आत येतं. नव्या पोरांना हे शिकवताना काका गालाचे खड्डे करून हवा ओढून दाखवत.

त्यांनी मुकादमाला सांगितलं. मुकादमानं कपाळावर हात मारला. "काका, आठवडा झाला नाही अजून हा रस्ता करून! आत्ता उकरला तर साहेब मला उकरतील. तीन आठवडे कळ काढा, मग मी स्वतः कुदळ घेऊन येतो."

"बरं," काका म्हणाले. नोंदवहीत काही लिहिलं नाही. त्याच्या पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शिंप्याच्या दुकानासमोर आल्यावर काका सळई टेकवेनासे झाले. तिथून ते जरा भराभर चालत. तीन आठवडे झाले, चौथा गेला, मुकादम विसरला, आणि काकांनी त्याला आठवण करून दिली नाही.

खारूला सातवा महिना लागला होता. आधी तिची भूक गेली, मग मळमळ. बहीण म्हणाली, या दिवसांत होतंच असं. मग लघवी गडद झाली, आणि एका सकाळी नवऱ्यानं तिला उजेडात उभं करून डोळे पाहिले. पिवळेजर्द.

इस्पितळात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त पाठवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ही पाण्यातून येणारी कावीळ आहे. बहुतेकांना होते आणि आपोआप बरी होते. पण पोटुशी बाईला कधीकधी फार जड जाते." मग खारूला विचारलं, "पाणी उकळून पीत होता का?"

खारू हसली. अंगात त्राण नव्हतं, तरी हसली. "मामा सोडतो ते पाणी. उकळायचं कशाला?"

नवरा ओशाळून म्हणाला, "मी म्हटलं होतं हिला, वास येतोय जरा. तर म्हणाली, मामाला कळलं मी त्याचं पाणी उकळते, तर जेवणार नाही दोन दिवस."

काका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. खाटेची लोखंडी कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, आणि त्या लोखंडातून त्यांना सूं ऐकू आलं. स्पष्ट. त्यांनी हात काढून घेतले.

त्याच दुपारी त्यांनी मुकादमाला गाठलं आणि इतकं बोलले की त्यानं मुकाट्यानं माणसं दिली. रस्ता उकरला. सांधा निघाला, तडकलेला, भोवतालची माती काळी आणि घाण वासाची. नवा सांधा बसला, नळ धुऊन काढला, गल्लीतल्या लोकांना पाणी उकळायला सांगितलं. मुकादमानं नोंद केली : आज गळती आढळली, आजच दुरुस्त. खाली काकांची सही. शिंपी बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होता, "काकांचा कान होता म्हणून सापडली, नाहीतर आपण सगळे गेलो होतो." काकांनी मान खाली घालून चावी पुसली.

डॉक्टरीणबाई रोज सकाळी खारूच्या उजव्या बरगड्यांवर डाव्या हाताचं बोट ठेवत आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकत खाली येत. यकृत असतं तिथं आवाज बद्द येतो, लाकडावर ठोकल्यासारखा. ते संपतं तिथून पोकळ. पहिल्या दिवशी बद्द आवाज चार बोटं होता. काकांनी तो दारातूनच मोजला, त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी दोन.

तिसऱ्या दिवशीच रक्ताचा कागद आला. नवरा तो घेऊन धावतच व्हरांड्यात आला. "मामा, आकडा उतरला! अडतीसशे होता, आता सहाशे!" बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीनं तिथूनच हात उंचावून आनंद कळवला. नवऱ्यानं छापखान्यात निरोप धाडला, की उतार पडतोय.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं की विषाणू यकृताच्या पेशींत शिरून बसतो, त्याला हुडकायला आपल्याच रक्तातले पहारेकरी येतात आणि चोरासकट घरच पाडतात. पाडलेल्या घरातलं सामान रक्तात वाहून येतं, तोच हा आकडा. नवऱ्यानं त्यातलं एवढंच धरलं होतं की आकडा मोठा म्हणजे वाईट.

काकांनी कागद हातात घेतला. चाळीस वर्षं त्यांनी जमिनीला कान लावला होता. सूं थांबण्याची कारणं दोनच असतात. एक, सांधा जुळला. दुसरं, नळात पाणीच उरलं नाही.

"मामा, काहीतरी बोला की!"

"हो. उतरलाय," काका म्हणाले.

संध्याकाळी खारू गोंधळल्यासारखं बोलू लागली. डॉक्टरीणबाईंनी बोटं समोर धरली, तर तिला दोन बोटं आणि चार बोटं यांतला फरक सांगता येईना. मामाला तिनं विचारलं, "मामा, कपाटावर कोण चढलंय?" तिथं कपाट नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाजूला नेऊन सांगितलं, की आकडा उतरला तो पाडायला घरंच फारशी शिल्लक नाहीत म्हणून. यकृत आक्रसत चाललंय, रक्त गोठेनासं झालंय. मोठ्या इस्पितळाशी त्या बोलत होत्या, पण एवढा प्रवास तिला झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. नवरा ऐकत होता आणि शर्टाचं एकच बटण लावत होता, काढत होता.

चौथ्या दिवशी सकाळी खारू हाकेला ओ देईनाशी झाली. ठोकण्याचा आवाज वरपासून खालपर्यंत पोकळ आला. काका तोंड फिरवून व्हरांड्यात बाकावर येऊन बसले. शेजारी बहीण. तेवढ्यात आरोग्य खात्याच्या नर्सबाई आल्या, हातात पाटीवर अडकवलेले कागद. उताराच्या गल्लीतले आणखी चार जण काविळीनं पडले होते.

"चावीकाका तुम्हीच ना? गळती कधीपासूनची?"

"नोंद आहे. तीन दिवसांपूर्वी सापडली."

नर्सबाईंनी पेन थांबवलं. "तीन दिवस? मग ही ती नाही. या आजाराला अंगात भिनून वर यायला महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे या लोकांनी दुसरीकडेच काही खाल्लंप्यायलंय. कोपऱ्यावरच्या रसवाल्याचं नाव सगळे घेतायत, बघते त्याच्याकडे." त्यांनी कागद उलटला. "गल्लीत पोटुशी बाई आता एकच राहते, तिला तपासलंय. दोघी गेल्या महिन्यात आपापल्या आईकडे गेल्या म्हणे. त्या सुटल्या, तीन दिवसांची गळती त्यांना कुठली लागतेय!"

त्यांनी त्या दोघींच्या नावांवर काट मारायला पेन टेकवलं.

 काका दोघींना ओळखत होते. एक शिंप्याची सून, खारूची मैत्रीण. दोघी मिळून कपडे वाळत घालायच्या. बाजूला बहीण बसली होती. बोललं तर तिच्यासमोर बोलावं लागणार होतं. उठून नर्सबाईंच्या मागून जाता आलं असतं, जिन्यात गाठता आलं असतं. पेन कागदावर सरकलं.

"काट मारू नका," काका म्हणाले. "पाच आठवडे."

"काय?"

"गळती. पाच आठवड्यांपूर्वी ऐकली मी. रस्ता नवा होता. लिहिली नाही. नंतर तिथं कानच लावला नाही."

 खाली बघून नर्सबाईंनी आठवडे मोजले, आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

बहीण समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिनं विचारलं, "दादा, मागच्या महिन्यात त्या रविवारी तू जेवलास ना तिच्याकडे?"

"हो."

"पाणी तेच प्यालास?"

"दोन तांबे."

"आणि तुला काही नाही."

"नाही."

तिनं मान हलवली, एखाद्या अनोळखी माणसानं रस्ता सांगितल्यावर हलवावी तशी, आणि उठून आत गेली. त्यानंतर तिनं या विषयावर एक शब्द काढला नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी. काकांनी पुष्कळ वाट पाहिली की ती ओरडेल.

खारू दुपारी गेली. बाळ आदल्या रात्रीच आत शांत झालं होतं.

खारू गेल्याच्या चौथ्या दिवशी, पत्ते मिळून नर्सबाई त्या दोघींच्या माहेरी निघाल्या, तेव्हा काका त्यांच्या मागे उभे राहिले. "त्या दोघींची घरं तुम्हाला सापडायची नाहीत, मी दाखवतो." नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नको म्हणाल्या नाहीत. चौकशीत काकांनी सगळं लेखी दिलं होतं. चावी काढून घेतली होती. बसमध्ये त्यांनी खिडकीच्या दांडीला हात लावला नाही. लोखंडाला हात लागला की सूं यायचं, आता कुठल्याही लोखंडातून यायचं.

पहिलीच्या घरी तिचे डोळे पांढरे स्वच्छ होते. काका दारातच खाली बसले.

शिंप्याची सून दुसऱ्या गावात होती. आईच्या अंगणात खाटेवर पाय लांब करून बसली होती, सुकलेली. काकांना बघून आधी दचकली, मग खूश झाली. "अगंबाई, काका तुम्ही! इतक्या लांब?" काका उन्हात तिचे डोळे बघत होते. अगदी कडेला, नीट पाहिल्यावरच दिसेल अशी हळद उतरली होती. नर्सबाईंनीही ती पाहिली. त्यांनी पिशवी उघडली.

"चार दिवस जेवण जात नाही हो, आई म्हणते उष्णता," ती सांगत होती. "बरं, खारू कशी आहे? आधी तिचं बाळंतपण, मग माझं, असं ठरवून ठेवलंय आम्ही. काही झालंय का तिला? बोला की काका, असे काय बघताय!"

नर्सबाईंनी तिच्या दंडाला रबरी पट्टी आवळली. आज रक्त घेतलं, आजच मोठ्या इस्पितळात नेली, तर आकडा अजून चढता असेल, आवाज अजून चार बोटं बद्द असेल. गाडी सांगावी लागणार होती, आईला तयार करावं लागणार होतं.

काका खाटेजवळ खाली बसले. "मूठ घट्ट धर," ते म्हणाले. "आधी रक्त दे, मग कपडे भर, आपल्याला निघायचंय. गाडीत सगळं सांगतो तुला. काही लपवणार नाही."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिनं मूठ मिटली.